शेवाळनाशकाची बाटली उघडण्याआधी पाणी तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या प्रवाळांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगडांवर हिरवे केस वाढू लागले की माणूस दुकान गाठतो आणि शेवाळ मारणाऱ्या द्रावणाची बाटली घेऊन येतो. ती बाटली उघडू नका, हे सांगण्यासाठी हे पत्र. तळ्यासाठी किंवा गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या अशा बऱ्याच द्रावणांत तांबे असते. मासे ते काही काळ सोसतात, पण गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ अगदी थोड्या मात्रेनेही मरतात. तांबे दगडांत आणि वाळूत मुरते व पुढे कितीतरी दिवस पाझरत राहते. शिवाय मेलेले शेवाळ टाकीतच कुजते आणि त्यातले नायट्रेट, फॉस्फेट पाण्यात परत येऊन पुढच्या शेवाळाला खत मिळते.

खत कुठून येते ते आधी शोधले पाहिजे, आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा रोजच्या भरीच्या पाण्यातून येते. पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणी शुद्ध म्हणून टाकीत घातले जाते. पण चवीसाठी त्या यंत्रात क्षार मुद्दाम मिसळलेले असतात. टीडीएस, म्हणजे दर लिटरमागे विरघळलेले मिलिग्रॅम क्षार, मोजणारा मीटर लावून पाहा, ३० ते ८० हा आकडा सहज दिसेल. २०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडते असे धरू. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा लावला तर त्याहून जास्त. उडते ते निव्वळ पाणी, विरघळलेले सगळे मागे राहते. ६० टीडीएसचे पाणी भरत राहिलात तर वर्षभरात सुमारे ६५ ग्रॅम क्षार टाकीत साठतात. त्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट शेवाळाला पोसतात, सिलिकेट डायटम या तपकिरी सूक्ष्म शेवाळाला.

म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा टप्पा हवाच, आणि त्यातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस ० हवा. मीटर १ दाखवू लागला की रेझिन बदला, कारण रेझिन संपत आले की सिलिकेट सर्वांत आधी निसटते. उडालेल्या पाण्याच्या जागी हेच गोडे पाणी भरायचे, खारे नव्हे. नाहीतर क्षारता चढत जाते. ती ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग), म्हणजे २५ अंश सेल्सिअसला १.०२६ विशिष्ट गुरुत्वाला स्थिर ठेवावी. मुंबईच्या किनाऱ्यावरून कॅन भरून पाणी आणणे तर टाळाच. त्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही उतरते.

दुसरे खत अन्नातून येते. माशांच्या खाण्याच्या, मायसिस किंवा आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या जीवांच्या गोठवलेल्या वड्या सरळ टाकीत सोडू नका. वाटीत वितळवा, गाळणीत धुवा, वितळलेले पाणी फेका. पाकिटातली सोललेली गोठवलेली कोळंबी घेताना लेबल वाचा. वजन टिकावे म्हणून तिला अनेकदा सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट लावलेले असते, म्हणजे पैसे मोजून फॉस्फेटच घरी आणल्यासारखे. दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न घाला.

चाचणीचा आकडा वाचतानाही फसगत होते. दगड शेवाळाने भरलेले असताना नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य येऊ शकतात, कारण येईल ते शेवाळ लगेच खाऊन टाकते. तेव्हा कमी आकडा म्हणजे खत नाही, असे समजू नये. फॉस्फरस मोजणारे डिजिटल उपकरण पीपीबीत (अब्ज भागांत किती भाग) आकडा देत असेल तर त्याला ३.०६६ ने गुणा आणि १००० ने भागा, म्हणजे फॉस्फेट पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मिळेल. २० पीपीबी म्हणजे ०.०६ पीपीएम. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असले की पुरे. दोन्ही शून्यावर नेण्याचा हट्ट धरू नका. त्यात प्रवाळ फिके पडतात आणि मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव पसरतात, जे हिरव्या केसांपेक्षा कितीतरी चिवट असतात.

फॉस्फेट जास्त निघाले तर जीएफओ, म्हणजे लोह ऑक्साइडचे दाणे, वापरता येतात. पाकिटावरच्या मात्रेच्या अर्ध्याने सुरुवात करा. फॉस्फेट एकदम कोसळले तर प्रवाळांची ऊती सुटू लागते. जुन्या दगडांत मुरलेले फॉस्फेट बाहेर येत राहते, त्यामुळे आठवड्याभरात आकडा पुन्हा चढला तर दाणे वाईट निघाले असे समजू नका. ते बदला आणि चालू ठेवा.

वाढलेले शेवाळ मात्र हातानेच काढावे लागते. सायफनच्या नळीच्या तोंडाला दात घासायचा ब्रश बांधा, म्हणजे खरवडलेले तुकडे पाण्यात न पसरता बाहेर जातात. दगड निघत असेल तर खाऱ्या पाण्याच्या बादलीत घासा. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला. त्यासाठी २० लिटर आरओ-डीआय पाण्याला साधारण ७०० ते ७५० ग्रॅम मीठ लागते. पंप लावून रात्रभर फिरवा आणि मगच मोजा. दिवे ८ तासांवर आणा. मुख्य टाकीखाली जोडलेली गाळणीची टाकी (संप) असेल तर तिच्यात किटोमॉर्फा हे गुंतवळासारखे शेवाळ वाढवा आणि त्यावरचा दिवा रात्री चालू ठेवा. ते खत ओढून घेते आणि रात्री पीएच पडू देत नाही. दर पंधरवड्याला त्यातला तिसरा हिस्सा काढला नाही तर उपयोग नाही.

गोगलगायींत ट्रोकस घ्यावी, उलटी पडली तरी ती स्वतः सावरते. ॲस्ट्रियाला ते जमत नाही. टँग मासा शेवाळ खातो खरा, पण छोट्या टाकीत त्याला कोंडू नये.

प्रत्येक थर शेवाळाचा नसतो. लालसर चिकट चादर सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंची असते. ती ओढून काढा, प्रवाह वाढवा, तीन दिवस अंधार करा. औषधाच्या दुकानातून एरिथ्रोमायसिन आणून टाकीत घालण्याची पद्धत वाईट आहे. त्याने नायट्रोजनचक्र चालवणारे जिवाणूही मरू शकतात. बुडबुडे धरलेला तपकिरी शेंबडासारखा थर रात्री विरळ होत असेल आणि गोगलगायी मरत असतील, तर डायनोफ्लॅजेलेटचा, त्यातही ऑस्ट्रिऑप्सिस या विषारी प्रकाराचा संशय घ्या. तो रात्री पाण्यात उतरतो, म्हणून यूव्ही (अतिनील) दिवा लागू पडतो. वाळूत राहणाऱ्या ॲम्फिडिनियम या दुसऱ्या प्रकारावर यूव्हीचा विशेष परिणाम होत नाही.

दुकानदारांना दोन विनंत्या. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून तोडणे आणि विकणे गुन्हा आहे, तेव्हा टाकीसाठी सिरॅमिकचे दगडच द्या. आणि नव्या ग्राहकाला शेवाळनाशकाऐवजी टीडीएस मीटर आणि फॉस्फेटची चाचणी द्या.

काढलेले शेवाळ मोरीत, नाल्यात किंवा खाडीत टाकू नये. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातले शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ आढळले आणि पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरले. कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत ते २००० मध्ये सापडले, तेव्हा ते निपटायला सहा वर्षे लागली. आपले शेवाळ उन्हात कडक वाळवा आणि मगच ओल्या कचऱ्यात द्या.

आपले,
समुद्री टाक्यांची देखभाल करणारे काही वाचक, ठाणे