फ्लॅट ३०२ च्या कामाचा हिशेब आणि मुदतवाढीची विनंती

बजाजनगर, नागपूर
दि. १७ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली गृहनिर्माण संस्था

विषय : फ्लॅट क्र. ३०२ मधील दुरुस्तीचे काम कुठवर आले याची माहिती आणि २७ सप्टेंबरपर्यंत मुदत मिळण्याबाबत

आदरणीय अध्यक्ष साहेब,

सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारच्या सभेत आपण मला विचारले, "ताई, सात महिने झाले, नेमके झाले तरी काय?" मला तिथे धड उत्तर देता आले नाही. "होत आलंय" एवढे म्हणून मी खाली बसले आणि ते दिवसभर मनाला लागून राहिले. ज्या जिन्यावरून माझ्या घराचा मलबा उतरला तो जिना सगळ्यांचा आहे, आणि हातोड्याचा आवाजही सगळ्यांनीच सोसला आहे. उत्तर मिळण्याचा सगळ्यांना हक्क आहे, म्हणून ते आज लेखी देते.

काम संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला सुरू झाले. दोन बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा आणि जुने लोखंडी पाइप एवढेच करायचे होते. समितीने तीन महिन्यांची लेखी परवानगी दिली, पुढे ती १५ जुलैपर्यंत वाढवली. त्यानंतरचा महिनाभर माझे काम मुदतीबाहेर चालले आहे. ही माझी चूक आहे, मी आधीच अर्ज द्यायला हवा होता. मार्चमध्ये मलब्याची पोती नऊ दिवस पार्किंगमध्ये पडून राहिली, त्याबद्दलही सर्वांची माफी मागते. विटा-सिमेंटचा मलबा घरच्या कचऱ्यात मिसळू नये, असे २०१६ चे बांधकाम मलब्याचे नियम सांगतात. म्हणून स्वतंत्र गाडी लागत होती आणि ती वेळेवर मिळाली नाही. ती ठरवल्याशिवाय फोडकाम सुरूच करायला नको होते.

आता मूळ मुद्दा. मोठ्या बाथरूमची फरशी काढली तेव्हा खालचा कोबा आणि विटांचे तुकडे चिखलासारखे ओले निघाले. घमेल्यात भरताना त्यातून पाणी ठिबकत होते, आणि तो कुबट वास दोन दिवस घरातून गेला नाही. मिस्त्रींनी तळाशी थापीने खरवडले तर सळई दिसली. मी वाकून बोट फिरवले, तेव्हा भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा गंज सुटून हातात आला. आपली इमारत १९९१ ची. इतक्या वर्षांत हे पाणी कधीपासून मुरत होते, कोण सांगणार? त्या दिवशी काम थांबवून मी स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावले. त्यांच्या सांगण्यावरून गंज घासून काढला, तीन ठिकाणी जोड सळया दिल्या, तेवढा भाग नव्याने भरला. हे मूळ अंदाजात कुठेच नव्हते.

भरण झाले एप्रिलमध्ये. ठेकेदाराचे म्हणणे होते की पाच दिवस पाणी मारले की पुरे. पण कोरड्या, उष्ण हवेत राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला १४ दिवस पाणी द्यावे असे भारतीय मानक ४५६ मध्ये म्हटले आहे, आणि नागपूरच्या एप्रिलपेक्षा कोरडी, उष्ण हवा ती कोणती? मी १४ दिवस काढले. ओली चुंगडी अंथरून सकाळी, दुपारी, रात्री पाणी मारत राहिले. दुपारचे पाणी तासाभरात उडून जायचे. बाहेरून बघणाऱ्याला त्या १४ दिवसांत ३०२ मध्ये एक माणूस येताना दिसला नाही. "काम बंद पडलंय" अशी चर्चा तेव्हाच सुरू झाली. पण माझ्या मते या सात महिन्यांतले सर्वांत महत्त्वाचे काम त्याच १४ दिवसांत झाले. खालच्या कुटुंबाच्या डोक्यावरचा स्लॅब त्या पाण्याने पक्का झाला.

पुढे डक्टमधला, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाइप जातात त्या पोकळीतला, बिडाचा पाइप आमच्या आणि खालच्या २०२ च्या मधोमध तडकलेला सापडला, त्यात मे संपला. जुलैमध्ये मिस्त्रींकडची तुमसरकडची दोन मुले रोवणीसाठी गावी गेली. घरची शेती, घरचे धान. त्यांना अडवण्याचा विचार मी केला नाही. ती २५ जुलैला परतली.

हे झाले उशिराचे कारण. पण सभेतला प्रश्न त्यापुढचा होता, आणि तो मलाही पडला होता. पहिल्या दिवसापासून मी वही ठेवली आहे : तारीख, किती माणसे आली, सिमेंटच्या गोण्या किती, काय काम झाले. मे महिन्यात ती चाळली तर सलग अकरा दिवस एकच ओळ, "बाथरूमचे काम चालू." अकरा दिवस लिहूनही मला काही कळलेले नव्हते. ठेकेदाराला विचारावे तर मार्चमध्ये "ऐंशी टक्के झालं", मेमध्ये "ऐंशी टक्के झालं", जूनच्या अखेरीसही तेच. त्यात खोटेपणा होता असे मला वाटत नाही. भिंत फोडल्यावर आतून नवे काम निघते आणि ऐंशी टक्क्यांमागचे शंभरच वाढत जातात.

तेव्हापासून मी टक्के विचारणे सोडले. घरात जिथे जिथे हात घातला आहे अशा २६ जागा वहीत लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे तीनपैकी एकच शब्द लिहायचा ठरवले : उघडे, तपासले, बुजवले. तपासल्याशिवाय बुजवायचे नाही, मग मिस्त्री दिवसभर बसून राहिले तरी चालेल. काल शनिवारी मोजले तेव्हा १९ जागा बुजवलेल्या, चार तपासून झालेल्या आणि तीन उघड्या होत्या. उघड्या तीन म्हणजे ओट्याखालचा निचऱ्याचा पाइप, स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा पाइप आणि मागच्या बाल्कनीचा उतार. अध्यक्ष साहेब, सभेत मी हेच सांगायला हवे होते.

तपासणी कशी केली तेही सांगते, कारण २०२ मधल्या काकूंचा जीव त्यात अडकला होता. वॉटरप्रूफिंग झाल्यावर मोठ्या बाथरूमच्या निचऱ्याचे तोंड बंद करून चार बोटे पाणी भरले, भिंतीवर खडूने रेघ मारली आणि ७२ तास तसेच ठेवले. शेजारी पाण्याची एक बादली ठेवून तिच्यातही रेघ मारली होती. हवेने उडालेले पाणी कोणते आणि झिरपलेले कोणते, हे ओळखायला दुसरा मार्ग नाही. तीन दिवसांनी दोन्हीकडे पाणी सारखेच उतरले होते. मिस्त्रींनी दोनदा पट्टी लावून बघितली.

पण खरा पुरावा खाली होता. काकूंच्या छतावर पिवळा डाग पसरत होता, अगदी देवघराच्या वर. त्यांनी देव उचलून दुसऱ्या खोलीत नेले होते. त्यांच्या मुलाने फेब्रुवारीत स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ काढली आणि तारीख टाकली. डाग रेघेबाहेर गेला की नवी रेघ, नवी तारीख. छतावर अशा पाच रेघा आहेत, तलावाच्या नकाशासारख्या एकीबाहेर एक. शेवटची रेघ ७ जूनची. त्यानंतर इतका पाऊस झाला, आम्ही वरून तीन दिवस पाणी भरून ठेवले, तरी डाग त्या रेघेच्या आतच आहे. काकूंनी मला हाताला धरून नेऊन तो दाखवला. देव अजून जागेवर गेलेले नाहीत. छत पूर्ण वाळले की त्याला रंग मी माझ्या खर्चाने देणार आहे, तसे त्यांना कबूल केले आहे.

आता विनंती. मला २७ सप्टेंबरपर्यंत मुदत द्यावी. २ ऑक्टोबरला दसरा आहे. दीक्षाभूमीवर येणारे अनेकांचे नातेवाईक आपल्याच इमारतीत मुक्कामाला असतात, आणि त्या आठवड्यात आपल्या भागात मालाची गाडी आणणे योग्यही नाही. त्याआधी जिना धुऊन मोकळा करून द्यायचा आहे. कापाकापीचे काम २६ ऑगस्टपर्यंत संपवते. गणपतीच्या दहा दिवसांत फक्त पुट्टी, रंग आणि नळ बसवणे चालेल, मशीन लागणार नाही. त्यानंतरही आवाजाचे काम सकाळी दहा ते एक एवढ्याच वेळात होईल. दर शनिवारी संध्याकाळी या २६ जागांचा कागद खालच्या फलकावर लावण्याची परवानगी द्यावी, म्हणजे कुणाला माझ्या दारावर येऊन विचारावे लागणार नाही.

डक्टमधला पाइप सर्वांच्या वापराचा आहे. बदलण्याचा खर्च तूर्त मी केला असून बिल सोबत जोडले आहे. समितीने त्यावर सवडीने निर्णय घ्यावा, मला घाई नाही.

शेवटची गोष्ट मात्र मनापासून मागते. भिंती बुजवण्याआधी प्रत्येक पाइपशेजारी मोजपट्टी धरून मी फोटो काढले आहेत, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे वाचता येईल असे. जानेवारीत आम्ही पाइप शोधायला तीन जागी उगाच भिंत फोडली, कारण मूळ नकाशा कुणाकडेच नव्हता. बाकी फ्लॅटचे पाइपही तेवढेच जुने आहेत. आज ना उद्या प्रत्येकाला हे करावे लागेल. माझे फोटो आणि इंजिनिअरचा अहवाल संस्थेच्या फाइलमध्ये ठेवावा आणि पुढे जो कोणी काम काढेल त्याच्याकडूनही असेच घ्यावेत. तीस वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हावे, असे आदर्श उपविधीत आहे. पुढच्या ऑडिटला हे कागद उपयोगी पडतील.

येत्या शनिवारी, २३ तारखेला संध्याकाळी सहा वाजता ओट्याखालच्या पाइपाची तपासणी आहे. तो बुजवण्याआधी आपण किंवा समितीतील कोणी वर येऊन डोळ्यांनी बघावे. काकूंचा मुलगा येणार आहे. वही टेबलावर ठेवते.

आपली विश्वासू,
सभासद, फ्लॅट क्र. ३०२