मंत्रीसाहेब, आजारी होते म्हणून घेतलंत आणि आजारी होते म्हणूनच काढलंत

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सादर नमस्कार.

मी पिअर सपोर्टर आहे. म्हणजे स्वतः मानसिक आजारातून गेलेली आणि आता दुसऱ्या पेशंटला सोबत करणारी बाई. तुम्हाला आठवत असेन, कारण मागच्या १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाच्या कार्यक्रमात तुम्ही स्टेजवर माझ्या शेजारी बसला होतात, माझं बोलणं ऐकून तुमचे डोळे भरून आले होते आणि नंतर माईकवर तुम्ही शब्द दिला होतात की सहा महिन्यांत पिअर सपोर्टरची कायम पदं काढू, मानधनावर कोणाला राबवणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

पदं निघाली साहेब. परवा फॉर्म हातात आला. सोबत फिटनेस सर्टिफिकेट जोडायचंय आणि त्यात एक ओळ आहे, उमेदवारास मानसिक आजाराचा पूर्वेतिहास नसावा. मी तीनदा वाचली ती ओळ. खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं, मॅडम सगळ्या पदांना फॉर्म हाच असतो. आणि नवीन भरती सुरू झाली म्हणून आमचं जुनं काम त्याच दिवशी बंद, ओळखपत्र गेटवर काढून घेतलं. सात महिन्यांचं मानधन थकलंय त्याचं नावही कोणी काढत नाही.

अहो, ज्या पदाची पात्रताच ही आहे की तुम्ही त्या आजारातून गेलेले असाल, त्या पदाला आजार झालेला माणूस चालत नाही? मानधनावर राबत होते तेव्हा माझा आजार म्हणजे अनुभव होता. पगाराची गोष्ट आली आणि तो डाग झाला.

मला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल नैराश्य आणणारा आजार. दोनदा अ‍ॅडमिट झालेय. पहिल्या वेळी मला कॉटला बांधलं होतं, दोन्ही हात, रात्रभर. मी ओरडून पाणी मागत होते आणि ड्युटीवरचा माणूस दारातून बघून निघून जायचा. शेवटी शेजारच्या कॉटवरची एक वयस्कर पेशंट उठली, तिचेही हात गोळ्यांनी थरथरत होते, तिने ग्लास माझ्या तोंडाला लावला, अर्धं पाणी माझ्या गळ्यावर सांडलं, आणि ती म्हणाली, मलाही बांधलं होतं, सकाळी सोडतात. बस एवढंच. त्या रात्री मला जिवंत ठेवलं ते या वाक्याने. डॉक्टरांबद्दल तक्रार नाही, लिथियमच्या गोळ्यांनी मी सावरले, आजही घेते, ठराविक महिन्यांनी रक्त तपासते, किडनी थायरॉइड बघते. पण "सकाळी सोडतात" हे डॉक्टर सांगू शकत नाहीत, ते ज्याला बांधलं होतं तोच सांगू शकतो.

आम्ही गोळी बदलायला सांगत नाही, निदान करत नाही, उपदेश तर अजिबात नाही. शेजारी बसतो. डिस्चार्जनंतर पहिले काही आठवडे आत्महत्येचा धोका सगळ्यात जास्त असतो, हे तुमच्या खात्यातले तज्ज्ञही सांगतील, आणि नेमके तेव्हाच पेशंटच्या आजूबाजूला कोणी नसतं. घरचे घाबरलेले असतात, पुढची ओपीडीची तारीख महिन्यानंतरची असते. त्या मधल्या दिवसांत आमचा फोन जातो.

आणि हे काही आमच्या मनाचं नाही. इंग्लंडमधला अभ्यास २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलाय, ४४१ लोकांचा, पिअर सपोर्टरची सोबत मिळाली त्यातले २९ टक्के वर्षभरात परत गंभीर अवस्थेतल्या उपचारांसाठी दाखल झाले, ज्यांना नुसती पुस्तिका दिली त्यातले ३८ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात कलम २६ मध्ये पिअर सपोर्ट हा शब्दच लिहिलाय. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ पासून या कामाचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून द्यायला सुरुवात केली. त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या शेवटी, पॅरिसच्या बिसेत्र हॉस्पिटलात पुसाँ नावाचा माणूस बरे झालेले पेशंट सेवक म्हणून कामावर घ्यायचा, कारण ते मारहाण करत नाहीत. १७९७ ला तिथल्या वेड्यांच्या साखळ्या त्यानेच काढल्या. दोनशे वर्षं उलटून गेली आणि आमचा फॉर्म अजून खिडकीवर अडकलाय!

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा रिपोर्ट म्हणतो की सरकारं आरोग्याच्या बजेटमधले सरासरी जेमतेम २ टक्के मानसिक आरोग्याला देतात, आणि सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर आजार, असलेल्या १०० पैकी ७१ लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्या २ टक्क्यांतलेही बरेचसे मोठ्या मनोरुग्णालयांच्या इमारतींत जातात, माणूस घरी गेल्यावर त्याचं काय होतं याला पैसा उरत नाही. ठरवणाऱ्या समितीत कोण असतं? ज्यांनी वॉर्ड राउंडला पाहिलाय, आतून रात्री पाहिला नाही असे लोक. आमच्यातला एक जण जरी त्या फॉर्मच्या मीटिंगला असता तरी ती ओळ पाच मिनिटांत खोडली गेली असती. आम्हाला बोलावतात ते दिवा लावायला आणि रडवायला. मला आता कुठल्याही स्टेजवर माझी गोष्ट सांगायची नाहीये, ती सांगून आल्यावर दोन रात्री मला झोप लागत नाही, आणि झोप गेली की माझा आजार परत डोकं वर काढतो. ही किंमत मी दर वर्षी मोजत होते, कशासाठी तर तुमच्या शब्दासाठी.

ती ओळ काढा. थकलेलं मानधन द्या. निवड करणाऱ्यांत आजारातून गेलेली दोन माणसं तरी बसवा.

वॉर्डात एक मुलगी आहे, वय सांगत नाही, पहिलीच अ‍ॅडमिशन. तीन आठवडे ती कोणाशीच बोलली नव्हती, मागच्या सोमवारी माझ्याशी बोलली, विचारलं की ताई तुम्हाला पण आवाज यायचे का. मी म्हटलं आवाज नाही, पण झोप महिनाभर नव्हती, ये बस. गुरुवारी तिचा डिस्चार्ज आहे आणि मी पहिल्या संध्याकाळी फोन करेन असं तिला सांगितलंय. तिचा नंबर वॉर्डच्या रजिस्टरमध्ये आहे आणि मला आता गेटच्या आत सोडत नाहीत. गुरुवारच्या आत काहीतरी करा.

आपली,
एक पिअर सपोर्टर