याद्या करताना रीतीभातींचंही बोलून घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मराठी आणि हिंदी घरांमधल्या लग्नांवर लेख आला होता, आवडला, पण त्यात सगळा भर भाषेवर आणि जेवणावर होता, म्हणजे सून मराठी शिकली का, जावयाला पुरणपोळी चालते का वगैरे. मला विचाराल तर इंदूरात तरी हा प्रश्नच उरलेला नाही. होळकरांबरोबर आपली माणसं इथे आली त्याला जवळजवळ तीनशे वर्षं होतील, हिंदी आपण घरातसुद्धा बोलतो, पोहे-जिलबी आणि दाल-बाफले आपलेच झालेत. अडतं ते दुसरीकडेच. ज्या गोष्टी कुणी बोलूनच दाखवत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की जगात सगळीकडे असंच असतं, तिथे अडतं.

आमच्या नात्यातलंच एक लग्न सांगते. मुलगा आपल्यातला, मुलगी इथल्याच हिंदी घरातली. लग्न लागल्यावर मुलगा सासऱ्यांच्या पाया पडायला वाकला तर ते एकदम मागेच सरकले, त्याचे हात वरच्यावर धरले आणि म्हणाले, "नहीं नहीं कुंवर साहब, हमें पाप लगेगा." आणि स्वतःच हात जोडून उभे राहिले. मुलाच्या आईचा चेहरा उतरला, तिला वाटलं आशीर्वादच द्यायचा नाहीये यांना. पुढे पाठवणीच्या वेळी मुलगी आईवडिलांच्या गळ्यात पडून रडली पण पाया काही पडली नाही, झालं, आपल्या बायकांत कुजबुज सुरू की एवढीही पद्धत शिकवली नाही का हिला. तिकडे मुलीकडच्यांना वाटत होतं की आपण जावयाचा केवढा मान ठेवला! दोन्ही घरं चांगली, कुणाच्या मनात पाप नाही, आणि पहिल्याच दिवशी विहिणी-विहिणींत जी अढी बसली ती कितीतरी दिवस गेली नाही.

आता यात खरं काय आहे तर इकडच्या पुष्कळ हिंदी घरांत मुलीकडून पाया पडून घेतच नाहीत. मुलगी म्हणजे देवी, नवरात्रात लहान मुलींचे पाय धुऊन त्यांना जेवायला घालतात ते त्यातूनच. जावई मानाचा, भाचा मानाचा, बऱ्याच ठिकाणी मामा भाच्याच्या पाया पडतो. आपल्याकडे नेमकं उलटं, भाच्याने मामाला वाकून नमस्कार केला नाही तर आईच डोळे वटारते. इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं मोठं काम प्रसिद्ध केलं, त्यात हे फार छान उलगडलंय. उत्तरेकडे मुलगी लांब, आधी नातं नसलेल्या घरात द्यायची, आणि देणाऱ्यापेक्षा घेणारं घर मानाने वरचं. दक्षिणेत नात्यातल्या नात्यात लग्नं होतात. आपण महाराष्ट्रातले मधले, थोडं इकडचं थोडं तिकडचं.

म्हणून तर मामाच्या मुलीचा विषय निघाला की हिंदी घरांत धक्काच बसतो. आपल्याकडे कितीतरी जातींत ते पूर्वीपासून चालत आलंय, आणि त्यांच्याकडे मामाची मुलगी म्हणजे राखी बांधणारी बहीण. आमच्या सोसायटीत एका नव्या सुनेला कळलं की सासू-सासरे हे आत्ते-मामे भावंडं आहेत, ती बिचारी दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिला कुणीतरी शांतपणे एवढं जरी सांगितलं असतं ना की १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातसुद्धा अशा जवळच्या नात्यातल्या लग्नांना मनाई आहे पण दोघांच्याही घरात तशी रूढी असेल तर ते चालतं असं स्पष्ट लिहिलंय, तर तिला कळलं असतं की हे काही या घराने केलेलं वेडंवाकडं नाही. उलट सासूबाई रागावल्या, "आमच्या लग्नाला नावं ठेवते!" म्हणून.

आणि सगळ्यात जास्त गोंधळ महिन्यांचा. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणजे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच, पण वद्य पक्ष आला की ते एक महिना पुढे. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी शेजारी सावन लागतो, सोमवार सुरू, कांदा-लसूण बंद, आणि आपल्याकडे तेव्हा अजून आषाढच असतो, ज्या घरांत खातात तिथे अमावास्येच्या आधी मटण शिजतं. जिन्यात वास गेला की शेजारीण म्हणते, "सावन में भी?" मग राखी झाली की त्यांचा सावन संपतो आणि आपला श्रावण अजून पंधरा दिवस बाकी असतो, तेव्हा आपण त्यांच्या ताटाकडे बघून नाक मुरडतो. उज्जैनला महाकालाची सवारी बघा, सावनातल्या सोमवारी निघते आणि भादव्याच्या पहिल्या पंधरवड्यातही निघते, म्हणजे त्यांचाही श्रावण झाला आणि आपलाही. देवाच्या पालखीत जे दोघांना धरून बसतं ते आपल्या जिन्यात का बसू नये?

वडाचंही तेच. मालव्यातल्या बऱ्याच बायका वडाची पूजा त्यांच्या ज्येष्ठ अमावास्येला, म्हणजे आपल्या वैशाख अमावास्येला करतात, आपण ज्येष्ठ पौर्णिमेला. तीच सावित्री, तोच वड. पण नवीन सून पंधरा दिवस आधी उपास धरून बसली तर सासूला वाटतं हिला आपलं काही करायचंच नाही. हरतालिकेला मात्र दोघींचा उपास एकाच दिवशी, तेव्हा घरात कशी मजा असते!

आता कुणी म्हणेल मग काय सगळ्याच रीती डोक्यावर घ्यायच्या का. अजिबात नाही. सुनेने सासऱ्यांसमोर घुंघट घ्यायचा हे मला पटत नाही आणि ते मी समोरच्या घरात बसून म्हणते. पण तेवढ्याच जोरात आपल्याबद्दलही म्हणायला पाहिजे. ज्या अहिल्याबाईंचं नाव आपल्या विमानतळाला आहे त्या ऐन तारुण्यात विधवा झाल्या, पडदा न घेता दरबारात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायच्या, आणि त्यांच्याच शहरात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण अजून नवरा नसलेल्या बाईला बोलवायला कचरतो. शेजारची हिंदी वहिनी हे बघते आणि विचारते, तेव्हा उत्तर देता येत नाही आपल्याला.

माझी विनंती अशी की लग्न ठरल्यावर याद्या करायला दोन्हीकडची माणसं बसतातच, तिथे साड्या किती, पंगती किती, मानपान काय हे तासन्‌तास चालतं, त्यातच अर्धा तास या गोष्टींना द्या. कोण कुणाच्या पाया पडतं, कुठला सण कुठल्या दिवशी, कुठल्या गोष्टीचा राग येतो, हे मोकळेपणाने विचारा, आणि ते मुलामुलीसमोर विचारा. आपल्या मंडळांनीही नाटक, गाणं, गणपती याबरोबर एखादी संध्याकाळ अशी ठेवावी जिथे हिंदी घरातून आलेल्या सुना आणि जावई बोलतील आणि आपण ऐकू.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुम्ही रोज पंचांग छापता, त्यात वद्य पक्षात आपल्या महिन्याशेजारी हिंदी पंचांगाचा महिनाही द्या, म्हणजे "श्रावण वद्य" आणि लगेच "भाद्रपद कृष्ण". एका ओळीची जागा लागेल. आमच्याकडे दूधवाल्यापासून विहीणबाईंपर्यंत सगळे तिथी विचारायला येतात, त्यांना तो कागदच पुढे करता येईल.

– एक वाचक, सुदामानगर, इंदूर