तुमचे वजन धरून ठेवले आहे

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सांगण्यासाठी मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा बाबांच्या औषधांवर बोलून ठेवून दिला, म्हणून आता लिहीत आहे. येत्या महिन्याच्या अखेरीस आम्ही दोघे राहते घर सोडून मोटरहोममध्ये, म्हणजे आत घरासारखी सोय असलेल्या गाडीत, राहायला जात आहोत. सुट्टीपुरते नव्हे, पूर्ण वेळ, निदान पुढची तीन वर्षे. आई, गेले चौदा महिने तुला फोनमधून ड्रिलचा आवाज येत होता आणि मी "घराचे काम चालू आहे" असे सांगत होते. ते खोटे नव्हते. पण कोणत्या घराचे, हे मी सांगितले नाही आणि त्याची टोचणी मला रोज लागून राहिली. विचारले असते तर तुम्ही अडवले नसते, हे मला ठाऊक आहे. तुम्ही "बरं" म्हणाला असता आणि रात्र रात्र जागला असता. बाबांच्या ऑपरेशननंतरच्या वर्षात मला ते नको होते.

घर विकलेले नाही, भाड्याने दिले आहे. दोघांचीही नोकरी तीच आहे, कारण आमचे काम संगणकावर आणि इंटरनेटवर चालते. गाडीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम कार्डे चालणारा राउटर बसवला आहे, म्हणजे एकाची रेंज गेली तरी दुसरे चालेल. कर्ज काढलेले नाही. दादाच्या वेळी जे झाले ते पुन्हा होणार नाही, याची मी आधी खात्री केली आणि मगच गाडी घेतली. एवढे लांबवून सांगते आहे, कारण तुम्ही दोघे पहिल्यांदा तेच मनात आणाल आणि बोलून दाखवणार नाही.

आता गाडीविषयी. रिकामी मालवाहू व्हॅन घेऊन आम्ही ती आतून स्वतः बांधली. अशा गाडीत जागेपेक्षा वजनाची चणचण अधिक असते, हे मला आधी माहीत नव्हते. आमच्या गाडीचे एकूण वजन, आत बसलेल्या माणसांसह, ३,५०० किलोंच्या वर जाता कामा नये. त्याहून जास्त झाले तर ब्रेक उशिरा लागतात, टायर तापतात आणि अपघात झाल्यास विमाही अडचणीत येऊ शकतो. बांधकाम संपल्यावर वजनकाट्यावर नेली, तेव्हा ती पाण्याशिवाय, सामानाशिवाय आणि आमच्याशिवाय २,८७० किलो भरली. उरले ६३०. पाण्याची टाकी १०० लिटरची, म्हणजे १०० किलो. आम्ही दोघे १२५. कपडे, भांडी, अंथरुणे, हत्यारे आणि बाकी सगळे मिळून २३०, आणि तेवढ्यात बसवण्यासाठी मी प्रत्येक डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला आहे. उरले १७५. त्यातले ११९ किलो तुम्हा दोघांचे आहेत आणि वीस किलो तुमच्या पिशव्यांचे. ही बेरीज मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे आणि त्या ओळीला हात लावायचा नाही, असे आमच्या दोघांत ठरले आहे.

ते १३९ किलो सहज मिळाले नाहीत. बाहेरचे गुंडाळते छप्पर आम्ही लावलेच नाही. बॅटरी लिथियम लोह फॉस्फेटची घेतली, २०० अँपिअर-तासांची, बारा व्होल्टची, म्हणजे भरली की सुमारे अडीच युनिट वीज देणारी. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांतून त्यांचे आयुष्य राखायचे तर साधारण निम्मीच वीज वापरता येते, त्यामुळे तेवढ्याच कामाला दुप्पट क्षमतेच्या लागल्या असत्या आणि त्यांचे वजन शंभर किलोंच्या वर गेले असते. ही पंचवीस किलोंच्या आत आहे. महाग पडली, पण तुमचे जावई एका वाक्यात म्हणाले की वाचलेले वजन म्हणजे आईंची जागा, आणि मग मी किमतीवर वाद घातला नाही. या बॅटरीचे एक पथ्य असते: शून्य अंशाच्या खाली ती चार्ज करायची नसते, नाहीतर आतून कायमची खराब होते. म्हणून ती बाहेरच्या कप्प्यात न ठेवता बैठकीखाली, ऊब असते तिथे बसवली आहे. छतावर ४०० वॉटचे सौर पॅनल आहेत आणि गाडी चालू असताना इंजिनावरूनही बॅटरी भरते.

बाबा, वायरिंगची तुम्हाला काळजी वाटेल, म्हणून स्वतंत्रपणे सांगते. बारा व्होल्टवर वीज कमी दाबाने येते, त्यामुळे तेवढ्याच कामाला प्रवाह फार मोठा लागतो. एक हजार वॉटचे उपकरण इन्व्हर्टरवर लावले की बॅटरीकडून ऐंशी अँपिअरच्या वर खेचले जातात. म्हणून बॅटरीपासूनच्या तारा माझ्या अंगठ्याएवढ्या जाड आहेत आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर आहे, कारण फ्यूजच्या अलीकडे तार कुठे घासली तर तिला वाचवणारे काहीच नसते. प्रत्येक जोड दाबल्यानंतर मी तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला आहे. तुम्ही रेडिओ दुरुस्त करताना मला तारेची टोके सोलायला बसवत होता आणि एकही तांब्याचा धागा तुटला तर पुन्हा सोलायला लावत होता. मी अजूनही तसेच करते.

छताच्या पंख्यासाठी चाळीस सेंटिमीटर लांबीरुंदीचे भोक पाडायचे होते, तो दिवस माझ्या लक्षात राहील. तीनदा मापे घेतली, खुणेच्या आत करवत चालवली, कडा कानशीने घासल्या, उघड्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून रंग दिला आणि मग सीलंट भरून पंख्याची चौकट बसवली. त्यानंतरच्या पहिल्या पावसात मी टॉर्च घेऊन रात्रभर त्याच्या खाली बसले. पहाटे चारच्या सुमारास चौकटीच्या एका स्क्रूच्या डोक्यावर एक थेंब जमला, फुगत गेला आणि माझ्या हातावर पडला. मला रडू आले. सकाळी वर चढून पाहिले, तर सीलंट अखंड होते आणि चौकटीच्या आतली कड कोरडी होती. पाणी बाहेरचे नव्हतेच. ते आमच्या श्वासाचे होते. दोन माणसे बंद जागेत झोपली की रात्रभरात सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात, आणि त्या हवेला जी वस्तू सर्वांत गार लागते, तिथे ते जमते; इथे बाहेरच्या पत्र्याला टेकलेला तो लोखंडी स्क्रू होता. आता स्क्रूंवर फोमच्या टोप्या आहेत, पंखा रात्री अगदी हळू चालू असतो आणि गादीखाली पट्ट्यांचा पलंग आहे, म्हणजे खालूनही हवा फिरते आणि बुरशी धरत नाही. त्या रात्री मला आपल्या जुन्या घराची मधली खोली आठवली. बाबा पातेले ठेवून थेंब मोजायचे आणि शंभराच्या आत मी झोपी गेले, तर उरलेले ते एकटेच मोजायचे. किती वर्षांनी मला कळले की तुम्ही मोजत नव्हता, छत पडेल का याकडे लक्ष ठेवून जागे होता.

आई, आता तुझे प्रश्न. पलंग कायमचा आहे, रोज उघडून लावावा लागत नाही. गादी पंधरा सेंटिमीटर जाडीची आहे. गरम पाण्याची टाकी दहा लिटरची आहे; गार पाणी मिसळले की दोघांच्या अंघोळीला पुरते, फक्त साबण लावताना नळ बंद ठेवायचा. शौचालय आतच आहे, दार लागते, आणि खालची पेटी दोन-तीन दिवसांनी बाहेरून ओढून नेमलेल्या जागी रिकामी करायची असते. हे काम तुम्ही आलात तर तुम्हाला करू देणार नाही, याबद्दल बोलणेही नको. थंडीसाठी डिझेलचा हीटर आहे. त्याची जळण्याची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो, आत फक्त गरम हवा येते. दाराशी पायरी उंच होती, म्हणून मधली एक घडीची पायरी आणि उजव्या हाताला धरायला दांडा लावला आहे. उजव्याच, कारण तुझा डावा खांदा.

बाबांच्या इन्सुलिनचाही विचार झाला आहे. ते २ ते ८ अंशांत राहायला हवे आणि एकदाही गोठता कामा नये. आठवडाभर मी फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यात थर्मामीटर ठेवून आकडे लिहिले, तेव्हा कळले की मागच्या भिंतीलगत रात्री तापमान शून्याखाली जाते. दाराच्या वरच्या कप्प्यात ते चार ते सहाच्या दरम्यान स्थिर राहिले. तो कप्पा मोकळा ठेवला आहे. पुढच्या दोन आसनांच्या मागे पट्ट्यांसह आणखी दोन आसने कायदेशीररीत्या बसवून घेतली आहेत, म्हणजे तुम्ही पलंगावर आडवे होऊन प्रवास करण्याचा प्रश्न येणार नाही.

टायर गाडीबरोबर आले होते आणि दिसायला उत्तम होते, तरी बदलले. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. वापर कमी असला तरी रबर आतून म्हातारे होते. बाबा, तुमच्या गाडीचे आकडे आज संध्याकाळी वाचा आणि मला पाठवा. नक्षी चांगली आहे, हे उत्तर मला चालणार नाही.

आणखी एक, आणि हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. आमच्या गाडीत दोन सूचक आहेत, म्हणजे हवेत धोक्याचा वायू आला की वाजणारी यंत्रे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो, म्हणून त्याचा सूचक जमिनीलगत आहे, आणि गॅसच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोके आहेत, जी कधीही झाकायची नाहीत. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे इंधन अपुऱ्या हवेत जळताना होणारा विषारी वायू, हवेत मिसळतो आणि त्याला वास नसतो, म्हणून त्याचा सूचक उशाजवळ, श्वासाच्या उंचीवर आहे. ही भोके कापताना माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या न्हाणीघरातली खिडकी होती, जी बाबा थंडीत बंद करतात आणि आत गॅसचा गीझर चालू असतो. ती खिडकी आजपासून उघडी राहील. तसाच एक सूचक तुमच्यासाठी घेतला आहे. दादा रविवारी येऊन लावून देईल. गीझर न्हाणीघराबाहेर हलवायलाही मी त्याला सांगितले आहे. बाबा रागावतील, तरी हलवायचा.

आम्ही अंधार पडल्यावर गाडी चालवणार नाही. गाडीची उंची, २.९ मीटर, स्टिअरिंगसमोर ठळक लिहून चिकटवली आहे. रोज संध्याकाळी सात वाजता फोन करू. रेंज नसलेल्या ठिकाणी मुक्काम असेल तर दुपारीच कळवू. विमा पूर्ण वेळ राहण्याचा, तसे स्पष्ट सांगून घेतला आहे, कारण नेहमीच्या विम्यात बहुधा सुट्टीतला वापरच धरलेला असतो. टपालासाठी मात्र तुमचा पत्ता द्यावा लागला. न विचारता दिला. आई, पत्रे आली की उघडून फोटो पाठव, तेवढे निमित्त होईल.

आम्ही तुमच्यापासून लांब जात आहोत, असे मला एकदाही वाटलेले नाही; पण तुम्हाला वाटेल, आणि वाटले तर मला सांगा. ऑपरेशनची पुढची तपासणी असेल त्या आठवड्यात गाडी तुमच्या दारात उभी असेल.

पूर्ण सामान भरून शेवटचे वजन २० तारखेला करायचे आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांचे वेगवेगळे. त्याआधी तुमची दोघांची वजने बूट आणि कपड्यांसह पाठवा. आई, तुझे ६१ धरले आहे. बाबा, तुम्ही ५८ सांगितले होते, पण ते ऑपरेशनच्या आधीचे असावे असे मला आवाजावरून वाटले. कमी भरले असेल तर लपवू नका. वहीत मी ५८च ठेवणार आहे.

तुमची,
धाकटी