रोड किट तुम्हीच विकता आणि रस्त्यावर चालवली म्हणून वॉरंटीही तुम्हीच नाकारता: एक तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग
(कंपनीचे नाव व पत्ता पाकिटावर)

विषय: ट्रायल्स मोटरसायकलचे रोड किट व ‘पासिंग साहाय्य’ यांचे पैसे परत मिळणे आणि क्लचची नाकारलेली वॉरंटी याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे दोन कागद समोर ठेवून हे पत्र लिहितो आहे. पहिला रोड किटच्या, म्हणजे गाडीला वरून लावायच्या लाइट, इंडिकेटर, हॉर्न आणि आरशांच्या संचाच्या, बिलाचा. त्यावर वस्तूच्या नावापुढे ‘रस्त्यावरील वापरासाठी’ असे छापले आहे. दुसरा क्लचची वॉरंटी नाकारल्याचा. त्यात कारण दिले आहे, ‘वाहन रस्त्यावर वापरल्याचे आढळले’. शिक्का दोन्हींवर एकच. यातला कोणता कागद खरा धरायचा, ते मला आपल्याकडून लेखी हवे आहे. बाकीची हकिगत खाली देतो, कारण फोनवर दर वेळी नवा माणूस येतो आणि मला दर वेळी गुढीपाडव्यापासून सुरुवात करावी लागते.

गुढीपाडव्याला मी आपण आयात केलेली २५० सीसीची टू-स्ट्रोक ट्रायल्स मोटरसायकल बुक केली. किंमत ६,४०,००० रुपये. पैसे निवृत्तीचे होते, त्यामुळे घरात आठवडाभर माझ्याशी कोणी धड बोलत नव्हते. मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी ३१ वर्षे गेली. राहतो नागपुरात गिट्टीखदानला, म्हणजे दगड पत्त्यातच आहेत. काटोल रोडने फेटरीच्या पुढे गेले की माझ्या साळ्याचा संत्र्याचा बगीचा लागतो आणि बगीच्याच्या मागे काळ्या दगडांनी भरलेला नाला. साळ्याला त्या नाल्याचा काडीचा उपयोग नाही. मला मात्र तो पंचवीस वर्षांपासून खुणावतो आहे.

या पत्राची एक प्रत माझ्या वकील मित्राकडे जात आहे आणि त्याला ‘ट्रायल’ म्हटले की खटलाच आठवतो, म्हणून दोन ओळी त्याच्यासाठी. या खेळात वेगाला गुण नाहीत. दगडधोंड्यांतून आखलेला छोटा टप्पा पाय न टेकवता पार करायचा. एकदा पाय टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात किंवा आखलेल्या हद्दीबाहेर गेलात तर पाच. ज्याचे गुण कमी, तो जिंकला. म्हणून गाडी सत्तर किलोच्या आसपास, टाकी इवलीशी आणि बसायला सीट नाही. सगळे उभ्याने. गाडी घरी आली त्या दिवशी गल्लीतल्या पोराने मला विचारले, ‘काकाजी, सीट कोनं चोरून नेली?’

घरापासून नाला वीस किलोमीटरच्या वर आहे. गाडी रस्त्यावर नेता येत नसेल तर प्रत्येक खेपेला छोटा हाथी सांगावा लागतो, जाऊन-येऊन १,४०० रुपये. म्हणून बुकिंगच्या आधी मी एकच प्रश्न विचारला होता: हिचे रजिस्ट्रेशन होईल का? आपल्या विक्री प्रतिनिधीचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे उत्तर जसेच्या तसे देतो. ‘सर युरोपमध्ये ह्याच गाड्या नंबर प्लेट लावून फिरतात. आपलं रोड किट लावा, पासिंगची जबाबदारी आमची.’

युरोपाबद्दल तो खोटे बोलला नाही. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमला दर वर्षी सहा दिवसांची जुनी ट्रायल भरते. तिथे एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे स्वार सार्वजनिक रस्त्यानेच जातात, त्यामुळे गाडी रस्त्यासाठी नोंदलेली असावीच लागते. पण तिकडे गाडीबरोबर तिकडच्या मंजुरीचा कागद येतो. मला गाडीबरोबर एक टोपी आणि की-चेन आली.

किट पोळ्याच्या आठवड्यात पोचले. त्याचे ३८,५०० रुपये, आणि ‘पासिंग साहाय्य’ म्हणून १५,००० रुपये आगाऊ. दसऱ्याच्या आधी मी गाडी छोट्या हाथीवर चढवून गिरीपेठेत आरटीओला नेली. आपला साहाय्यक येणार होता, तो आला नाही. फोनवर म्हणाला, ‘काकाजी, तुम्ही जाऊन तर पहा, होऊन जाते.’ मुहूर्ताच्या गाड्यांची गर्दी होती, तरी निरीक्षकसाहेबांनी मला वेळ दिला. आधी गाडीभोवती एक चक्कर मारून हसून घेतले, मग कागद मागितले. फॉर्म २०, म्हणजे नोंदणीचा अर्ज, मी भरून नेला होता. फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, विक्रेत्याने द्यायचा असतो. फॉर्म २२, म्हणजे गाडी प्रदूषण आणि सुरक्षिततेच्या मानकांत बसते व रस्त्यावर चालवण्यालायक आहे असा दाखला, उत्पादकाने द्यायचा असतो. हे दोन्ही माझ्याकडे नव्हते. त्यांनी चासी नंबर नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर टाकून पाहिला. नोंद नाही. म्हणाले, ‘मॉडेलच चढलेलं नाही. मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्थेकडून आधी नमुना मंजूर व्हावा लागतो, प्रदूषणाच्या बीएस-६ मानकात बसावा लागतो. वरून तुम्ही कितीही लाइट लावा.’

मग त्यांनी नियम १२३ काढला. मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचे चाक निम्मे तरी झाकेल असे साडीगार्ड. ज्या गाडीवर चालवणाऱ्यालाच बसायला जागा नाही, तिला साडीगार्ड कुठे लावावे यावर आम्ही दोघांनी पाच मिनिटे गंभीरपणे चर्चा केली. मार्ग निघाला नाही.

आरटीओबद्दल माझी तक्रार नाही. अर्ध्या तासात त्यांनी जे सांगितले ते पाडव्यालाच सांगणे आपले काम होते. बीएस-६ काही काल लागू झालेले नाही, १ एप्रिल २०२० पासून आहे. आपण गाड्या आयात करून विकता. हे नियम मला ठाऊक नव्हते हे एक वेळ चालेल, आपल्याला ठाऊक नव्हते हे कसे चालेल? घरी येऊन मी गाडीचे बिल उलटे केले. मागच्या बाजूला, भिंग लागेल अशा अक्षरात सापडले: ‘केवळ स्पर्धा व बंदिस्त जागेतील वापरासाठी’. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर बडग्ये निघतात, वर्षभरातल्या पीडांचे पुतळे. पुढच्या वर्षी बिलामागच्या बारीक अक्षरांचा बडग्या काढा, असे मी महाल भागातल्या एका मंडळाला सुचवून आलो आहे.

आता किटकडे येतो, कारण इथे माझ्या ट्रेडचा संबंध आहे. या गाडीला बॅटरी नाही. फ्लायव्हीलमागच्या मॅग्नेटो कॉइलमधून जेवढी वीज निघते तेवढ्यावर इग्निशन आणि रेडिएटरचा पंखा चालतो. ही वीज एसी असते आणि इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वरखाली होते. नाल्यात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पायी चालल्यासारखी चालते, समोरून वारा लागत नाही, म्हणून तो पंखा बंद पडून चालत नाही. आपल्या किटमध्ये हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर, हॉर्न आणि दोन आरसे आहेत. एसीची डीसी करणारा रेक्टिफायर नाही, छोटी बॅटरीही नाही. वायरिंगच्या कागदावर पंख्याच्या रेग्युलेटरच्या अलीकडून, म्हणजे कच्च्या एसीवरून, जोड घ्यायला सांगितले आहे.

तसे केल्यावर काय होते? आयडलला माझ्या मीटरवर सात व्होल्टही दिसत नाहीत. हेडलाइट फडफडतो. इंडिकेटर एक तर लागत नाही, लागला तर लुकलुकत नाही. हॉर्न डीसीचा असल्यामुळे वाजत नाही, घसा बसल्यासारखा घरघरतो. आणि हेडलाइट चालू असताना पंखा मंदावतो. ऑक्टोबरच्या उन्हात नाल्यात दहा मिनिटे झाली नाहीत तोच कूलंट उकळून बाहेर आले. लाइट बंद ठेवा म्हणाल, तर १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागलेलाच असावा असा नियम आहे. म्हणजे किट नियमाप्रमाणे वापरले की इंजिन तापणार आणि इंजिन सांभाळले की नियम मोडणार. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराने असे वायरिंग केले असते तर मी त्याला पुन्हा पहिल्या वर्षात बसवले असते. किट मी काढून ठेवले आहे.

क्लचचे थोडक्यात सांगतो. दिवाळीनंतर गाडी नागपुरातल्या आपल्या अधिकृत वर्कशॉपला सर्व्हिसिंगला दिली. या क्लचला मिनरल ऑइल लागते, लिव्हरजवळच्या टाकीच्या झाकणावर तसे ठळक लिहिलेही आहे. तिथल्या मुलाने ब्रेकचे डॉट-४ भरले. ते ग्लायकॉलचे, मिनरल ऑइलच्या सीलना सोसत नाही, सील फुगतात. चार दिवसांत लिव्हर दाबला की परत यायला तयार नाही. त्या मुलावर माझा राग नाही. दिवसाला पंधरा स्कूटर धुणाऱ्या पोरापुढे आपण ही गाडी ठेवता, तर सोबत एक पानभर सूचना तरी द्यायच्या. सील आणि मजुरी मिळून ९,२०० रुपये मी भरले आणि वॉरंटी मागितली.

त्यावर आलेले उत्तर सुरुवातीला सांगितलेच. त्याला पुरावा म्हणून एक फोटो जोडला आहे. फोटोत हेडलाइटचे ब्रॅकेट दिसते. ते ब्रॅकेट आपल्याच रोड किटमधले आहे, आपल्याच मॅन्युअलप्रमाणे बसवलेले.

गाडी मी रस्त्यावर एक मीटरही चालवलेली नाही. मागच्या टायरमध्ये ५ पीएसआय हवा असते (पंपावरच्या मुलाला अजून पटत नाही, ‘पाच? काकाजी, पन्नास म्हनता का?’ असे तो दर वेळी विचारतो). एवढ्या हवेवर काटोल रोडचे डांबर कापले असते तर टायरच्या कडांवर ते दिसले असते. टायर येऊन पाहा. छोट्या हाथीच्या अकरा खेपांच्या पावत्याही सोबत आहेत. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ ने मनाई आहे आणि कलम १९२ खाली दंड आहे, हे मी वर्गात तीस वर्षे सांगत आलो. आणि नोंदणी नसलेल्या गाडीवर एखाद्याला धक्का लागला तर विम्याचे काय, हा विचार दंडाहून मोठा.

आपल्या साहाय्यकाचा शेवटचा सल्लाही नोंदवून ठेवतो. माझ्याकडे जुनी येझदी आहे, आरसी चालू. तो म्हणाला, ‘तिच्या नंबरावर चालवून टाका ना, कोन पाहते?’ चासी दुसरी, इंजिन दुसरे, नंबर तिसऱ्याच गाडीचा. याला मॉडिफिकेशन म्हणत नाहीत. आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल कलम ५२ खाली चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितले, आणि कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कलमात नियमाबाहेरची गाडी विकणाऱ्या उत्पादक, आयातदार आणि विक्रेत्यासाठी दर गाडीमागे १ लाख रुपये दंडाची किंवा वर्षभरापर्यंत कैदेची तरतूद आहे, तीही जरा वाचावी. ‘ही गाडी फक्त बंदिस्त जागेसाठी, तिला हा कायदा लागू नाही’ असे आपण म्हणू शकता. कलम २(२८) मध्ये तशी फट आहे. पण मग तिच्यासाठी नंबर प्लेटचे होल्डर आणि इंडिकेटर कोणत्या तोंडाने विकलेत?

माझे मागणे असे. फॉर्म २१, फॉर्म २२ आणि नमुना मंजुरीचा क्रमांक आपल्याकडे असेल तर हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावा आणि पोर्टलवर नोंद करावी. मग माझी किटबद्दल काहीही कुरकूर नाही, रेक्टिफायर मी स्वतः बसवीन. ते शक्य नसेल, आणि माझ्या मते ते शक्य नाही, तर किटचे ३८,५००, साहाय्याचे १५,००० आणि क्लचचे ९,२०० असे ६२,७०० रुपये परत करावेत, आणि ‘पासिंगची जबाबदारी आमची’ हे वाक्य आपल्या माणसांच्या फोनमधून काढून टाकावे. खेपांचे पैसे मी मागत नाही. नाल्यात जायची हौस माझी आहे.

गाडी परत घ्या असे मी म्हणत नाही, हे मुद्दाम लिहितो. गाडी उत्तम आहे. मागच्या रविवारी कमरेएवढ्या दगडावर ती अशी चढली की बगीच्यातल्या मजुरांनी संत्री तोडणे थांबवले. पण उत्तर आलेच नाही तर मला नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावे लागेल, आणि तिथे मी पूर्ण किमतीचा दावा करीन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या गावी तक्रार करता येते, आणि माझ्या रकमेला फी २०० रुपये आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश मी छापून, क्रमांक घालून ठेवले आहेत.

किट त्याच्या मूळ खोक्यात बांधून तयार आहे. घ्यायला माणूस पाठवाल तर संध्याकाळी पाचनंतर पाठवा, त्याआधी मी नाल्यात असतो.

आपला ग्राहक,
(सही)
गिट्टीखदान, नागपूर

सोबत: गाडीचे बिल दोन्ही बाजूंनी, किटचे व साहाय्याचे बिल, वॉरंटी नाकारल्याचे पत्र व त्यातला फोटो, क्लच दुरुस्तीची पावती, छोट्या हाथीच्या ११ पावत्या, व्हॉट्सअ‍ॅप संदेशांची प्रत, मागच्या टायरचे चार फोटो.