संज्या, फॉर्म भरू का?

प्रिय संज्या,

तब्येती सगळ्यांच्या बऱ्या आहेत, बाबांची शुगर आटोक्यात आहे. आता मुद्द्यावर येतो, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. आमच्या इथे अमेरिकेत स्कूल बोर्डाची, म्हणजे गावातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाची, निवडणूक आहे आणि ओवीच्या शाळेतल्या काही पालकांनी तू उभा राहा म्हणून गळ घातलीय. मुक्ता म्हणते भर फॉर्म. मला रात्री झोप नाही.

तुला लगेच आपल्या कॉलेजातली जीएसची (जनरल सेक्रेटरीची) निवडणूक आठवली असणार! पोस्टरं रंगवून तुझी बोटं आठवडाभर निळी होती, आणि हॉस्टेलच्या पोरांनी "हा बाहेरचा" सुरू केल्यावर मी फॉर्म मागे घेतला म्हणून तू बोलणं टाकलं होतंस. मी अजूनही म्हणतो तेव्हा मागे घेणंच बरोबर होतं, मारामारी झाली असती. तू काय म्हणशील तेही पाठ आहे मला.

पण यावेळी डोक्यात एक माणूस बसलाय. दलीपसिंग सौंद. कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावच्या पोस्टाला त्याचं नाव दिलंय, म्हणून मी त्याच्याबद्दल वाचायला घेतलं आणि वाचताना सारखा तूच आठवत होतास. अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवड्डीचा, जन्म १८९९ चा. १९२० ला अमेरिकेत आला, बर्कलीत शिकला आणि १९२४ ला पीएचडी झाला, कशात? गणितात! आणि नोकरी? हिंदुस्थानी माणसाला कॉलेजात कोण घेणार. आदल्याच वर्षी इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला होता की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. आणि नागरिक होता येत नाही म्हणून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने शेतजमीनही नावावर करता येत नाही. मग गणिताचा हा डॉक्टर गेला इंपीरियल व्हॅलीत, कापूस वेचणाऱ्या टोळीवर मुकादम म्हणून. मी जूनमध्ये तिकडे गेलोय संज्या, गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो. तिथे त्याने वर्षानुवर्षं शेती केली.

तुझं सीएचबीचं, तासावरच्या मास्तरकीचं, रडगाणं ऐकताना मी नेहमी "धीर धर" म्हणतो, पण या माणसाने धीर धरला नाही, तो कामाला लागला. चाळीसच्या दशकात इतर हिंदुस्थानी लोकांना जोडून घेतलं, नागरिकत्वाच्या कायद्यासाठी खटपट केली. १९४६ ला अध्यक्ष ट्रुमनने हिंदुस्थानी लोकांना नागरिक होऊ देणाऱ्या लूस-सेलर कायद्यावर सही केली (नव्याने येणाऱ्यांचा कोटा किती तर वर्षाला शंभर माणसं!) आणि १९४९ च्या डिसेंबरात हा नागरिक झाला. पुढच्याच वर्षी वेस्टमोरलँड नावाच्या बारक्या गावात जज्जच्या निवडणुकीला उभा राहिला, निवडूनही आला, तर नागरिक होऊन वर्ष भरलं नाही म्हणून खुर्ची दिली नाही. १९५२ ला परत उभा राहिला आणि परत निवडून आला. प्रचारात एकाने विचारलं म्हणे, तुमच्या कोर्टात यायला पगड्या तुम्ही देणार का आम्ही विकत घ्यायच्या? हा म्हणाला, डोक्यावर काय आहे याच्याशी मला देणंघेणं नाही, डोक्यात काय आहे ते बघतो. मला हे जागच्या जागी सुचलं असतं का? मी दोन दिवसांनी तुला फोन करून सांगितलं असतं.

१९५६ ला काँग्रेससाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, उभा राहिला तर स्वतःच्याच पक्षातला प्रतिस्पर्धी कोर्टात गेला, म्हणे नागरिक होऊन सात वर्षं झाली नाहीत. ते टिकलं नाही. मग समोर जॅकलिन कॉकरन, जगप्रसिद्ध वैमानिक, नवरा गडगंज श्रीमंत, आणि ही स्वतः विमान उडवत प्रचाराला फिरायची. हा खतं विकणारा, बायकापोरांना घेऊन दारोदार. आणि जिंकला! काँग्रेसमध्ये निवडून गेलेला पहिला आशियाई माणूस. तीनदा गेला. १९६२ ला विमानात स्ट्रोक आला, वाचा गेली, त्या वर्षीची निवडणूक दवाखान्यातूनच हरला. इतकं बोलून सगळं मिळवलेला माणूस, पुढे १९७३ ला जाईपर्यंत धड बोलू शकला नाही. ते वाचून मी मिटिंग सोडून बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता बेळगावचे श्री ठाणेदारसुद्धा २०२२ ला मिशिगनमधून निवडून गेले, आई मला त्यांचे व्हिडिओ पाठवते. पण माझी भीती मतांची नाहीच. पडलो तर पडलो. मला भीती ओवीची वाटते, उद्या वर्गात कुणी तिला म्हणालं की तुझ्या बापाला सांग आपल्या देशात जा, तर? ती इथेच जन्मलीय, तिला दुसरा देशच नाही. सौंदलाही तीन मुलं होती, त्यांच्याबद्दल मी शोधतोय आणि पुरेसं सापडत नाही. मुक्ता म्हणते तू ओवीलाच विचार. तिला विचारायचं धाडस तुझ्याशी बोलल्याशिवाय होत नाहीये.

तुझा इंटरव्ह्यू कसा झाला? परमनंटचं काही? काकूंचा गुडघा कसा आहे? वहिनींना सांग मसाला पोचला, संपतही आला.

फॉर्मची मुदत ऑगस्टपर्यंत आहे. "बघ तुझं तू" असं लिहू नकोस, हो का नाही ते लिही. आणि हो लिहिलंस तर पोस्टरवर काय लिहायचं तेही लिही.

तुझा,
नित्या