दहावीपर्यंत थांबू नका : वाचन अडलेल्या मुलांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही मुलांसाठी गोष्टींचा वर्ग घेतला. चौथीतला एक मुलगा रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. एकदा ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पात्रांच्या लकबींसकट सांगायचा. पुस्तकातला धडाही त्याने घडाघडा म्हणून दाखवला. आमच्यातल्या एका निवृत्त बाईंना शंका आली. त्यांनी पानावरचं चित्र हाताने झाकलं आणि मधल्याच ओळीवर बोट ठेवलं. ‘किती’ हा शब्द त्याने आधी ‘काती’ वाचला, मग ‘तकी’, आणि मान खाली घातली. चार वर्षं तो धडे ऐकून पाठ करत आला होता. आळशी म्हणून त्याला रोज दहा पानं शुद्धलेखनाची शिक्षा होती.

1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशाच एका 14 वर्षांच्या मुलाची हकिगत छापली होती. मुलगा हुशार, खेळात चपळ, पण साधे शब्द वाचता येईनात. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत पहिला येईल, असं त्याचे मास्तर म्हणत. या अडचणीचा बुद्धीशी संबंध नाही, हे तेव्हापासून दिसत आलं आहे. पुढच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : या अडचणीचं, म्हणजे डिस्लेक्सियाचं, मूळ बहुतेक वेळा डोळ्यांत नसतं, शब्दातले आवाज सुटे करून ओळखण्यात असतं. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं, हे पहिलीतलं मूल थोड्या सरावाने सांगतं. या मुलांना तिथेच अडतं.

आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, म्हणून मराठीत हा प्रश्न नाही, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ‘कि’ची वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारायची असते. ‘सूर्य’, ‘चक्र’ आणि ‘ट्रक’ यांत एकच ‘र’ तीन रूपं घेतो. ‘चमचा’तला ‘च’ वेगळा, ‘चंद्र’तला वेगळा. मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं मिळून शेकडो आकार होतात. ते पक्के व्हायला धडधाकट वाचणाऱ्या मुलालाही तीन-चार वर्षं लागतात, आणि शाळा मात्र पहिली-दुसरीतच सगळं उरकून पुढे जाते.

वाचनात मागे पडलेलं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं, हेही सांगायला हवं. कुणाला नीट ऐकू येत नाही, कुणाला चष्मा हवा असतो, कुणाचं वर्ष आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातं, कुणाच्या घरची बोली वेगळी असते. कारण शोधायचंच, पण मदत त्यासाठी अडवून ठेवायची नाही. आवाज वेगळे करणं, आवाज आणि अक्षर यांची जोडी क्रमाने शिकवणं, त्याच शब्दांचे सोपे मजकूर पुन्हा पुन्हा वाचून घेणं, आणि सोबत भरपूर गोष्टी ऐकवणं, याचा उपयोग या सगळ्याच मुलांना होतो. नुसतं उतरवून काढण्याने वाचन येत नाही.

आपल्याकडे पालक धावतात ते दहावीच्या तोंडावर, जादा वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून प्रमाणपत्रासाठी. ती सवलत मुलांचा हक्कच आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश आहे. पण तोवर मुलाने नऊ वर्षं स्वतःला मठ्ठ मानलेलं असतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015मध्ये ‘डाली’ ही चाचणी आणली. ती मराठीतही आहे आणि पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. तिच्यातल्या शिक्षकांसाठीच्या प्राथमिक चाचणीने निदान होत नाही, पण कुणाला पुढे तज्ज्ञांकडे न्यायचं ते कळतं.

जूनपासून मार्चपर्यंत आम्ही 22 मुलांना आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी एक तास शिकवणार आहोत. एका शिक्षकामागे दोनच मुलं. कान-डोळ्यांची तपासणी, गरज असेल त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी मानसशास्त्रज्ञांकडे नेणं-आणणं, अक्षरपट्ट्या आणि मोठ्या टायपातली पुस्तकं धरून मुलामागे वर्षाला 3,500 रुपये, म्हणजे एकूण 77,000 लागतील. सभासदांनी 19,000 दिले आहेत. डोळ्यांचे व्यायाम, रंगीत काचा, बुद्धिवर्धक औषधं यांवर यातला एकही रुपया जाणार नाही. त्यांनी वाचन सुधारतं असा भरवशाचा पुरावा नाही.

पैशांइतकीच माणसं हवीत. निवृत्त शिक्षक, डी.एड. झालेल्या मुली, घरी दुपारनंतर वेळ असलेले आजी-आजोबा, कुणीही चालेल. सहा दिवसांचं प्रशिक्षण आम्ही देऊ. अटी दोनच : मुलावर ओरडायचं नाही आणि दांडी मारायची नाही, कारण सराव तुटला की मूल पुन्हा मागे जातं.

देणगी रोख किंवा वाचनालयाच्या नावे धनादेशाने द्यावी, पावती लगेच मिळेल. नावनोंदणी देवघेव खिडकीवर सकाळी 9 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8. पालकांनी मुलाला घेऊन यावं, शाळेची चिठ्ठी नको. मुलांची नावं कुठेही लावली जाणार नाहीत.

चौथीतला तो मुलगा आता पाचवीत जाईल. त्याचं नाव आम्ही यादीत पहिलं लिहिलं आहे.

आपले,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय